पोटगी बदलते केव्हा, थांबते केव्हा

घटस्फोटाचा निकाल हाती आला की दोघांनाही वाटते, संपले एकदाचे. नाते संपलेले असते खरे, पण देण्याघेण्याचा व्यवहार तिथूनच सुरू होतो. ‘दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत अर्जदाराच्या बँक खात्यात अमुक रुपये जमा करावेत’ हे आदेशातले एक वाक्य पुढे कित्येक वर्षे दोन घरांचा महिन्याचा हिशोब ठरवत राहते. त्या वर्षांत नोकऱ्या जातात, बढत्या मिळतात, घरभाडे वाढते, आजारपण येते, कोणी पुन्हा लग्न करते. आणि मग कौटुंबिक न्यायालयाच्या व्हरांड्यात रोज ऐकू येणारा प्रश्न पुढे येतो: कोर्टाने ठरवलेला आकडा जन्मभर तोच राहायचा का?

नाही. पोटगीचा आदेश म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. तो वाढतो, कमी होतो, रद्दही होतो. पण त्यातले काहीही आपोआप होत नाही, आणि या विषयातली निम्मी दुःखे ही एवढी गोष्ट माहीत नसल्यामुळे होतात. पत्नीला नोकरी लागली म्हणून पती पैसे पाठवणे थांबवतो आणि दोन वर्षांनी त्याच्या दारात वसुलीचे वॉरंट येते. दुसरीकडे एखादी बाई आठ-दहा वर्षांपूर्वी ठरलेल्या चार हजारांत ओढूनताणून भागवत राहते, कारण वाढ मागता येते हे तिला कोणी सांगितलेलेच नसते.

तेव्हा पहिले काम म्हणजे आपला आदेश कोणत्या कलमाखाली झाला आहे ते पाहणे. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये दोन पोटग्या आहेत. कलम २४ ची पोटगी अंतरिम. दावा चालू असेपर्यंतचा खर्च भागावा एवढ्यासाठी ती असते आणि दाव्याबरोबर संपते. कलम २५ ची पोटगी कायमस्वरूपी. ती घटस्फोटाच्या हुकूमनाम्यातच मिळू शकते किंवा त्यानंतर केव्हाही मागता येते. निकालाच्या दिवशी मागितली नाही म्हणून हक्क बुडत नाही. तिसरी वाट फौजदारी कायद्याची. वर्षानुवर्षे ‘एकशे पंचवीस’ या नावाने वकील-पक्षकारांच्या तोंडी असलेले कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ झाले आहे, आणि रक्कम बदलण्याचे जुने कलम १२७ आता कलम १४६ आहे. चौथा आदेश कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालचा असू शकतो.

एकाच स्त्रीच्या हातात यांतले दोन-तीन आदेश असणे नवलाचे नाही. म्हणूनच आदेश ज्या कोर्टाने दिला, ज्या कलमाखाली दिला, तिथेच बदलाचा अर्ज करायचा असतो. २०२० च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की कलम २५ खाली कायमस्वरूपी पोटगी ठरली असेल तर ती कमीजास्त करून घ्यायला त्याच कलमाच्या पोटकलम (२) चा आधार घ्यावा. त्यासाठी मॅजिस्ट्रेटपुढे ‘एकशे पंचवीस’चा नवा अर्ज घेऊन जाऊ नये.

या पोटकलमातला कळीचा शब्दप्रयोग ‘परिस्थितीत बदल’ हा आहे. दोघांपैकी कोणाच्याही परिस्थितीत आदेशानंतर बदल झाला असेल, तर दोघांपैकी कोणाच्याही अर्जावरून न्यायालय आदेश बदलू शकते, दुरुस्त करू शकते किंवा रद्द करू शकते. यात ‘आदेशानंतर’ या शब्दावर मी मुद्दाम जोर देतो. बदलाचा अर्ज म्हणजे दुसऱ्या नावाने केलेले अपील नव्हे. आदेश झाला त्या दिवशी पतीवर गृहकर्ज होतेच, ते त्याने तेव्हा कोर्टापुढे मांडले नाही, आणि आता तीच गोष्ट ‘बदल’ म्हणून सांगितली, तर कोर्ट विचारणार, यात नवीन काय? सप्टेंबर २०२४ मध्ये कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच रेषा आखून दिली. बदल आदेशानंतर घडलेला हवा. आणि बदलाच्या तरतुदीचा आधार घेऊन मागे जाता येत नाही, आधी दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

मग खरा बदल कोणता? समजा, चाकणच्या एका कारखान्यातल्या कामगाराला महिना चाळीस हजार पगार असताना दहा हजार पोटगी ठरली. तीन वर्षांनी कारखाना बंद पडला आणि तो आता कंत्राटदाराकडे अठरा हजारांवर आहे. हा बदल आहे. कामावरून कमी केल्याचे पत्र, भविष्य निर्वाह निधीच्या खात्यात थांबलेली वर्गणी, नव्या कामाच्या पगाराच्या नोंदी एवढे कागद त्याने लावले तर त्याच्या अर्जात वजन येते. पक्षाघात झाला, निवृत्ती आली आणि पगाराच्या जागी निवृत्तिवेतन सुरू झाले, हेही बदलच. पण त्याच माणसाने पोटगीचा आदेश झाल्यावर महिन्याभरात राजीनामा दिला आणि भावाच्या दुकानात ‘बिनपगारी’ बसू लागला, तर न्यायालय त्याच्या हातातली रक्कम पाहत नाही, त्याची कमावण्याची ताकद पाहते. धडधाकट माणसाने अंगमेहनत करूनही बायको-मुलांचा सांभाळ केला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये पुन्हा एकदा बजावले. आदेशानंतर हौसेने घेतलेल्या मोटारीचा हप्ता दाखवून पोटगी कमी होत नाही.

पत्नीच्या बाजूचा नेहमीचा बदल म्हणजे नोकरी. इथे पतींचा एक पक्का गैरसमज असतो: ती कमावू लागली की पोटगी बंद. कायदा असे म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये स्पष्ट केले की ‘स्वतःचे पोषण करण्यास असमर्थ’ याचा अर्थ बाई रस्त्यावर आलेली असली पाहिजे असा होत नाही. नवऱ्याच्या घरी ज्या तऱ्हेने ती राहत होती, साधारण तशा राहणीशी तिची कमाई ताडून पाहायची. २०१७ च्या निकालाने आणखी एक भेद केला. कमावण्याची क्षमता असणे वेगळे आणि प्रत्यक्ष कमावणे वेगळे. ती बी. एड. आहे, एवढ्यावर भागत नाही. तिला शाळेत नोकरी आहे का आणि पगार किती, हे सांगावे लागते. अंगणवाडीत किंवा दुकानात मिळणाऱ्या आठ-दहा हजारांनी पोटगी फार तर थोडी कमी होईल. तिला पतीच्या बरोबरीचा पगार मिळू लागला, तर मात्र ती थांबूही शकते. या दोन टोकांमध्ये न्यायाधीशाचा विवेक आहे, आणि तो कागदपत्रांवर चालतो.

कागदपत्रांची गोष्ट जरा जवळून पाहू. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सुरू झालेले एक प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ४ नोव्हेंबर २०२० रोजी त्यात जो निकाल लागला, त्याने देशभरातल्या पोटगीच्या प्रकरणांची रीत बदलली. वकिलांच्या बोलण्यात तो ‘रजनीश विरुद्ध नेहा’ म्हणून येतो. तोपर्यंत पती उत्पन्न कमी सांगायचा, पत्नी खर्च फुगवून सांगायची आणि न्यायाधीशाने अंदाज बांधायचा, असे चालत आले होते. या निकालाने दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र ठरावीक नमुन्यात देणे बंधनकारक केले. पगार, भाडे, मुलांची फी, औषधपाणी, बँक खाती, विमा, कर्जे, दागिने, सगळे त्यात येते. शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे: जमीन किती, बागायत की जिरायत, पिके कोणती, जमिनीवर कर्ज आहे का, गाई-म्हशी-शेळ्या किती आणि त्यांचे उत्पन्न काय. ‘आमची नुसती कोरडवाहू आहे’ असे सांगून दुधाच्या डेअरीचे पैसे झाकणाऱ्याला हा नमुना अवघड जातो. नमुन्याच्या शेवटी एक हमी असते: माझ्या नोकरीत, मालमत्तेत, उत्पन्नात किंवा खर्चात महत्त्वाचा बदल झाला तर मी तो ताबडतोब न्यायालयाला कळवीन. सही करताना ही ओळ फार थोडे लोक वाचतात. पण बदलाच्या अर्जात समोरचा वकील याच ओळीवर बोट ठेवू शकतो.

याच निकालाने आधीच्या आदेशाची माहिती दडवून दुसऱ्या कोर्टातून पोटगी मिळवण्यालाही आळा घातला. आधी कुठे किती मिळते ते सांगायचे, आणि नंतरच्या कोर्टाने ती रक्कम वजा किंवा जमेस धरायची.

आता वाढीबद्दल, कारण त्यावर फार कमी बोलले जाते. महागाई हाही परिस्थितीतला बदलच. मूल पहिलीतून दहावीत गेले, पतीला वेतन आयोगाप्रमाणे फरक मिळाला, आईच्या घरात राहणाऱ्या बाईला भाड्याने खोली घ्यावी लागली, ही सगळी पोटगीवाढीच्या अर्जाची सबळ कारणे आहेत. केंद्राच्या फौजदारी कायद्यात तर २००१ पर्यंत पोटगीला महिना पाचशे रुपयांची कमाल मर्यादा होती. ती उठल्याला दोन तपे होत आली तरी ‘कोर्ट एवढेच देते’ ही समजूत काही उठलेली नाही. चांगल्या आदेशात वाढ आधीच लिहून ठेवतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या एका प्रकरणात पत्नीची पोटगी महिना ५०,००० रुपये करताना दर दोन वर्षांनी पाच टक्के वाढ घातली. त्याआधी उच्च न्यायालयाने २०,००० रुपये आणि दर तीन वर्षांनी पाच टक्के असे ठरवले होते. वाढीची अट आदेशात असणे केव्हाही बरे. पण दर दोन वर्षांनी पाच टक्के म्हणजे दहा हजारांचे दहा वर्षांनी जेमतेम १२,७६३ रुपये होतात. धान्य, गॅस आणि शाळेच्या फीचे भाव त्या चालीने चालत नाहीत. म्हणून आदेशात अशी अट आहे एवढ्यावर बायकांनी स्वस्थ बसू नये, असे मला मनापासून वाटते. अट असली तरी वेगळ्या वाढीचा अर्ज करण्याची वाट बंद होत नाही.

पुन्हा लग्न हा पोटगीतला सगळ्यात मोठा वळणबिंदू. ते देणाऱ्याचे असो वा घेणारीचे, परिणाम अगदी वेगळे होतात.

देणाऱ्या पतीने दुसरे लग्न केले म्हणून पहिलीची जबाबदारी संपत नाही. मात्र नव्या घराचा खर्च न्यायालय पूर्ण डोळ्याआडही करत नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेल्या पश्चिम बंगालच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने पोटगी १६,००० वरून २३,००० केली होती. पतीच्या निव्वळ पगाराच्या पंचवीस टक्के पोटगी रास्त ठरेल, असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. आणि त्याचे दुसरे लग्न आणि त्यातले मूल लक्षात घेऊन रक्कम २०,००० वर आणली. तेव्हापासून ‘पगाराचा पाव हिस्सा’ हे जणू कायद्याचे सूत्र असल्यासारखे सांगितले जाते. तसे सूत्र कायद्यात कुठेही नाही. तो एका प्रकरणातला मापदंड आहे, आणि त्याच प्रकरणात न्यायालयाने तो परिस्थिती पाहून खाली आणला, हे विसरू नये.

घेणाऱ्या पत्नीने पुन्हा लग्न केले तर? फौजदारी संहितेचे उत्तर सरळ आहे. घटस्फोटितेने पुनर्विवाह केला, तर न्यायालय त्या लग्नाच्या तारखेपासून आदेश रद्द करते. हिंदू विवाह कायद्यात मात्र थोडी गुंतागुंत आहे. १९५५ च्या मूळ कायद्यात पुनर्विवाह सिद्ध झाला की आदेश रद्द ‘केलाच पाहिजे’ अशी भाषा होती. १९७६ च्या दुरुस्तीने ती सैल केली. आता न्यायालय समोरच्याच्या अर्जावरून आदेश बदलू ‘शकते’, कमी करू शकते किंवा रद्द करू शकते. व्यवहारात पुनर्विवाहानंतर पत्नीची स्वतःची पोटगी बहुधा थांबतेच. पण अर्ज लागतो, पुरावा लागतो आणि मुलांची रक्कम वेगळी काढून चालू ठेवावी लागते. आईने लग्न केले म्हणून बापाचे बापपण संपत नाही.

याच पोटकलमात आणखी एक कारण आहे: पत्नी ‘शीलवान’ राहिली नाही, किंवा पती पोटगी घेत असेल तर त्याने विवाहबाह्य संबंध ठेवला. घटस्फोट झालेल्या, स्वतंत्र राहणाऱ्या प्रौढ स्त्रीच्या खासगी आयुष्यावर अशी नजर ठेवणारी ही तरतूद मला आजच्या काळात खटकते. तिचा आधार घेऊन माजी पत्नीच्या इमारतीखाली माणसे उभी करणे, शेजाऱ्यांकडे चौकशा करणे, मुलांना ‘घरी कोण येते’ म्हणून विचारणे असे प्रकार होऊ शकतात, आणि त्यात सर्वांत जास्त चुरडली जातात ती मुले. निदान एवढे तरी ध्यानात असू द्यावे की इथेही कायद्याचा शब्द ‘शकते’ असाच आहे, आणि एखाददुसऱ्या छायाचित्रावरून न्यायालयाने आदेश मोडावा असे त्यात कुठेही म्हटलेले नाही.

पोटगी नेहमी पतीच देतो असेही नाही. हिंदू विवाह कायद्याची कलमे पती-पत्नी दोघांनाही लागू आहेत. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने नांदेडच्या प्रकरणात शिक्षिका असलेल्या माजी पत्नीने पतीला महिना तीन हजार रुपये अंतरिम पोटगी द्यावी, हा आदेश कायम ठेवला. घटस्फोट होऊन गेल्यावर पतीने अर्ज केला होता. त्याने काही बिघडत नाही, असे न्यायालयाने सांगितले. फौजदारी संहितेत आणि विशेष विवाह कायदा, १९५४ मध्ये मात्र ही सोय फक्त पत्नीला आहे.

आता परस्पर संमतीच्या घटस्फोटाकडे येऊ. तिथे ‘अर्जदार क्र. २ हिने भूतकाळातील, वर्तमानातील व भविष्यातील पोटगीचा हक्क सोडून दिला आहे’ हे वाक्य सर्रास टाकले जाते. त्याच्याआधी एकरकमी रक्कम असते. कधी ती पुरेशी असते, कधी ती नुसत्या सुटकेची किंमत असते. माहेरचे थकलेले असतात, तारखांना कंटाळलेली बाई सही करते. ही सही कायमची बांधते का? डिसेंबर २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने म्हटले की पोटगीचा हक्क सोडून देणारा करार सार्वजनिक धोरणाच्या विरोधात जातो. सर्वोच्च न्यायालयानेही २०१३ मध्ये कर्नाटकातल्या प्रकरणात असाच विचार मांडला होता. उलट फौजदारी संहिता असेही म्हणते की घटस्फोट मिळवलेल्या स्त्रीने घटस्फोटानंतर स्वेच्छेने हक्क सोडला असेल तर आदेश रद्द होतो. ‘घटस्फोटानंतर’ आणि ‘स्वेच्छेने’ या दोन शब्दांवर अशी प्रकरणे लढली जातात. रक्कम भरघोस आणि खरोखर राजीखुशीची असेल तर न्यायालय सहसा पुन्हा दार उघडत नाही. तुटपुंज्या रकमेत हक्क लिहून घेतला असेल तर मात्र दार ठोठावायला हरकत नाही. सही करण्यापूर्वी वाक्य वाचून घ्या, वकिलाला अर्थ विचारा, आणि मुलांचा हक्क त्या वाक्यात ओढू देऊ नका. तो आईचा नसतोच. ती तो सोडूही शकत नाही.

मुलांच्या रकमेबाबतही एक खबरदारी घ्यावी. फौजदारी संहितेखाली मूल सज्ञान होईपर्यंत पोटगी मिळते. शारीरिक वा मानसिक अपंगत्व असेल तर पुढेही. हिंदू दत्तक व पोषण कायदा, १९५६ खाली स्वतःचे पोषण करू न शकणाऱ्या अविवाहित मुलीला लग्नापर्यंत बापाकडून पोषण मिळवता येते. म्हणून मुलीच्या अठराव्या वाढदिवसानंतर एकूण रकमेतून तिचा हिस्सा परस्पर कापणे धोक्याचे आहे.

‘परस्पर’ या शब्दाचीच सगळी भीती आहे. कितीही न्याय्य कारण असो, आदेश बदलून घेईपर्यंत जुनी रक्कम देणे लागतेच. अर्ज दाखल आहे, तारीख मिळाली आहे, म्हणून हप्ता थांबत नाही. पूर्ण रक्कम झेपत नसेल तर जेवढी झेपते तेवढी नियमित, बँकेतून, नोंद राहील अशी भरावी आणि अर्जावर लवकर सुनावणी मागावी. थकबाकी साचली की फौजदारी संहितेखाली वॉरंट निघते, मिळकतीवर जप्ती येते आणि त्यानंतरही रक्कम भरली नाही तर तुरुंगवास होऊ शकतो. तुरुंगात जाऊन आलो म्हणजे देणे फिटले, ही समजूतही चुकीची आहे. कैद हा वसुलीचा मार्ग आहे, फेड नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने केव्हाच स्पष्ट केले आहे. घेणाऱ्यांनी या संहितेतली मुदत जपावी: रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करावा लागतो. ‘देईल पुढे’ म्हणून तीन वर्षे वाट पाहणारीचे जुने महिने हातचे जाऊ शकतात.

वेगवेगळ्या धर्मांच्या कायद्यांत फरक आहेत. पारशी आणि ख्रिस्ती विवाहांना त्यांचे स्वतंत्र कायदे आहेत. गोव्यात लग्न-घटस्फोटाला पोर्तुगीज काळापासून चालत आलेला दिवाणी कायदा लागतो. मुस्लिम घटस्फोटितेला १९८६ च्या कायद्याखाली पुढच्या आयुष्यासाठीची रास्त तरतूद इद्दतीच्या काळातच एकदम करून द्यावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००१ मध्ये ठरवले. आणि जुलै २०२४ च्या निकालाने तिला ‘एकशे पंचवीस’ची वाटही खुली असल्याचे पुन्हा सांगितले. फौजदारी संहितेची ही वाट सर्व धर्मांच्या स्त्रियांना, गोव्यातल्यांनाही, खुली आहे.

राहिला मृत्यू. घेणारी गेली की पुढची पोटगी थांबते. देणारा गेला की प्रश्न त्याच्या मिळकतीवर येतो, आणि इथे दूरदृष्टीने केलेला आदेश उपयोगी पडतो. कलम २५ मध्येच म्हटले आहे की गरज असेल तर पोटगीच्या रकमेसाठी देणाऱ्याच्या स्थावर मिळकतीवर बोजा ठेवता येतो. शेतजमीन असेल तर आदेशाची प्रत तलाठ्याकडे देऊन सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात त्याची नोंद करून घ्यावी. फ्लॅट असेल तर गृहनिर्माण संस्थेला लेखी कळवून पोच घ्यावी. जमीन विकत घेणारा सातबारा पाहतो तेव्हा ती नोंद त्याच्या डोळ्यांसमोर असते, आणि मिळकत गुपचूप विकून किंवा भावाच्या नावावर करून मोकळे होणे अवघड जाते. पोटगीचा अर्ज लिहितानाच ही मागणी घालून ठेवावी. नंतर सुचली तरी, मिळकत विकली जाण्याआधी, त्याच न्यायालयात तेवढ्यासाठी वेगळा अर्ज देऊन पाहावा.